पेनड्राइव्हमधलं कंपनीचं सॉफ्टवेअर: काय काढता येतं, कसं काढायचं आणि कशाला हात लावायचा नाही

पेनड्राइव्ह लावला आणि एकाऐवजी दोन ड्राइव्ह दिसले. एकात आपल्या फायली जातात, दुसऱ्यावर सीडीचं चित्र आणि कंपनीचं नाव. त्या दुसऱ्यातल्या फायली डिलीट होत नाहीत, तो फॉर्मॅट होत नाही, आणि शेजारचा ड्राइव्ह दहा वेळा फॉर्मॅट केला तरी सीडी जागची हलत नाही. बियाणं-खतांच्या विक्रेत्यांना मेळाव्यात मिळालेले, औषधवाल्यांनी डॉक्टरांना दिलेले, यात्रेत भजनं भरून विकलेले, क्लासचे तास भरून आलेले असे पेनड्राइव्ह जालना, लातूर, नांदेडकडच्या संगणकाच्या दुकानांत "खराब आहे, फॉर्मॅटच होत नाही" म्हणून येतात. त्यातले बहुतेक खराब नसतात. कारखान्यात त्यांना तसंच वागायला शिकवलेलं असतं.

आपल्या पेनड्राइव्हची सगळी जागा आपल्याला मिळावी, ही अपेक्षा रास्तच आहे. पण घाईनं फॉर्मॅट मारला तर वर्षभराचा क्लास, किंवा चुकीचं बटण दाबलं तर ग्रामपंचायतीची डिजिटल सही एका क्लिकसरशी जाऊ शकते. म्हणून पहिली दोन मिनिटं ओळख पटवण्यात घालवा.

आधी ओळख

विंडोजचं बटण आणि एक्स एकत्र दाबा, येणाऱ्या यादीतून डिस्क मॅनेजमेंट निवडा. खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागात एकाखाली एक आडव्या पट्ट्या दिसतात. सगळ्यात वर डिस्क ०. ही बहुधा कॉम्प्युटरची स्वतःची हार्डडिस्क, तिला माउसही लावायचा नाही. तिच्याखाली डिस्क १, बारीक अक्षरांत रिमूव्हेबल, शेजारी १४.९० जीबी आणि फॅट३२ (फायली मांडायची पद्धत). आणखी खाली सीडी-रॉम ०, शेजारी थोडे एमबी आणि सीडीएफएस (सीडीवरची तशीच पद्धत). आता ही खिडकी उघडीच ठेवा आणि पेनड्राइव्ह उपसून काढा. डिस्क १ आणि सीडी-रॉम ० या दोन्ही पट्ट्या एकदम गेल्या, तर ती सीडी पेनड्राइव्हच्याच पोटात आहे. फक्त डिस्क १ गेली आणि सीडी तशीच राहिली, तर ती कॉम्प्युटरची खरी सीडी.

यावरून पुढचा रस्ता ठरतो. नुसती रिमूव्हेबलची पट्टी आहे आणि आत कंपनीचे प्रोग्राम पडलेत: हे साध्या फायलींचं प्रकरण, पाच मिनिटांचं काम. रिमूव्हेबल आणि सीडी दोन्ही आहेत: सॉफ्टवेअर पेनड्राइव्हच्या आतल्या कंट्रोलर चिपनं धरून ठेवलंय, मेहनत लागेल. नुसती सीडी आहे, रिमूव्हेबल नाहीच, किंवा रिमूव्हेबल आहे पण "नो मीडिया" लिहिलंय: थांबा. ते बहुधा डिजिटल सहीचं टोकन, नेटचं डोंगल किंवा पासवर्डनं कुलूप घातलेला ड्राइव्ह आहे.

एक गैरसमज इथंच मिटवू. १६ जीबीच्या पेनड्राइव्हवर १४.९ दिसतात म्हणून "सॉफ्टवेअरनं एक जीबी खाल्ला" असं म्हणतात. तसं नसतं. कंपनी १ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट धरते, विंडोज १,०७,३७,४१,८२४ बाइट धरतं. त्या हिशेबानं ८ चे ७.४५, १६ चे १४.९, ३२ चे २९.८ आणि ६४ चे ५९.६ होतात. मेमरीतले काही ब्लॉक चिप राखीव ठेवते, त्यामुळं आकडा याहूनही थोडा कमी दिसू शकतो. सीडीचा भाग बहुधा थोड्या एमबींचाच असतो. तेव्हा जागेच्या लोभानं चिपशी झटापट करण्यात अर्थ नाही. सीडीचा त्रास होत असेल तरच करा.

आणि ओळख पटेपर्यंत आतला एकही प्रोग्राम उघडून बघू नका. सीलबंद पाकिटातून आला म्हणजे स्वच्छच असतो असं नाही. २०१० मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सुरक्षातज्ज्ञांच्या परिषदेतच आयबीएमनं वाटलेल्या पेनड्राइव्हमध्ये व्हायरस निघाले होते. तैवानच्या पोलिसांनी सायबर सुरक्षेच्या कार्यक्रमात बक्षीस म्हणून २५० पेनड्राइव्ह दिले, त्यातल्या ५४ मध्ये व्हायरस होता, ही २०१८ च्या सुरुवातीची बातमी.

साध्या फायली असतील तर

सँडिस्कचं सिक्युअरअॅक्सेस, नंतरचं प्रायव्हेटअॅक्सेस, किंग्स्टनचं यूआरड्राइव्ह, लेक्सारचं डेटाव्हॉल्ट ही सगळी या गटातली. ती पेनड्राइव्हवर ठेवलेल्या नेहमीच्याच फायली असतात. निवडा, डिलीट करा, झालं. "ही फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडी आहे" असं आलं तर टास्क मॅनेजरमध्ये त्याच नावाचा प्रोग्राम शोधून एंड टास्क करा आणि पुन्हा डिलीट करा.

खरा धोका तिजोरीचा. सिक्युअरअॅक्सेस एकदा जरी वापरलं असेल, तर पेनड्राइव्हवर व्हॉल्ट नावाचं फोल्डर तयार होतं आणि त्यात आपल्या फायली कुलूपबंद होऊन बसतात. बाहेरून ते निरर्थक नावांचं भंगार दिसतं, आणि "हे काय कचरा" म्हणून लोक नेमकं तेच उडवतात. आधी प्रोग्राम उघडा, पासवर्ड टाका, सगळ्या फायली कॉम्प्युटरवर बाहेर काढा, संख्या जुळवा, त्यातल्या दोन-चार उघडून बघा. मगच प्रोग्राम आणि फोल्डर दोन्ही काढा. पासवर्ड विसरला असेल तर तो नव्यानं लावून देणारी सोय यात नाही, फक्त तुम्हीच लिहिलेली खूण दिसते. अशा वेळी फोल्डर मुळीच डिलीट करू नका, पासवर्ड आठवेपर्यंत पेनड्राइव्ह बाजूला ठेवा. ज्यांच्या तिजोरीत बँकेची, सातबाऱ्याची कागदपत्रं आहेत त्यांनी आणखी एक करावं: या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्या पासवर्डापासून किल्ली बनवण्यात कच्च्या असल्याचं २०२१ मध्ये उघड झालं, तेव्हा माल बाहेर काढून नव्या आवृत्तीत हलवा.

कशाला हात लावायचा नाही

डिजिटल सहीची टोकनं: ईपास२००३, प्रॉक्सकी, एमटोकन. टेंडर भरणारे ठेकेदार, सीए, आणि ग्रामपंचायतीत सरपंच व ग्रामपंचायत अधिकारी यांच्याकडं ही असतात. दिसायला हुबेहूब पेनड्राइव्ह. लावलं की अनेकदा सीडी दिसते आणि तिच्यात ड्रायव्हर असतो. ती सीडी सोयीसाठी दिलेली आहे: दुसऱ्या कॉम्प्युटरवर ड्रायव्हर शोधत बसायला लागू नये म्हणून. विंडोजच्या फॉर्मॅटनं टोकनचं काही बिघडत नाही, पण टोकनच्याच प्रोग्रामात इनिशियलाइज नावाचं बटण असतं. ते दाबलं की आतली खाजगी किल्ली कायमची जाते आणि तिची नक्कल कुठंही नसते. मग नवी डीएससी (डिजिटल सहीचं प्रमाणपत्र), नवी ओळखपडताळणी, नवा खर्च, आणि तोवर बिलं अडकलेली. टोकन ज्याच्या टेबलावर असतं त्या ऑपरेटरला हे एवढं बटण नक्की दाखवून ठेवा.

दुसरं, क्लासचे पेनड्राइव्ह. नीटच्या किंवा सीएच्या तयारीचे तास पेनड्राइव्हवर मिळतात, तेव्हा व्हिडिओ कुलूपबंद असतात आणि खास प्लेअरमधूनच चालतात. कुलूप बरेचदा त्या पेनड्राइव्हच्या अनुक्रमांकाला बांधलेलं असतं. फायली दुसऱ्या पेनड्राइव्हवर कॉपी होतात, पण चालत नाहीत. म्हणजे "आधी कॉपी करून ठेवतो, मग फॉर्मॅट मारतो" हा नेहमीचा शहाणपणा इथं उपयोगाचा नाही. मुदत आणि बघण्याच्या फेऱ्या संपेपर्यंत तो पेनड्राइव्ह आहे तसा राहू द्या. घरात त्यावर "फॉर्मॅट करू नये" अशी चिठ्ठी चिकटवून ठेवा. बहुतेक वेळा तो धाकटा भाऊ गाणी भरायला नेतो.

तिसरं, किंग्स्टन डीटी लॉकर प्लससारखे पासवर्डचे पेनड्राइव्ह. यांची सीडी म्हणजेच कुलूप उघडायचं दार. ती काढली तर आतला भाग कधीच उघडणार नाही. त्यात दहा वेळा चुकीचा पासवर्ड टाकला तर ड्राइव्ह स्वतःला पुसून टाकतो, म्हणून अंदाजे पासवर्ड टाकत बसू नका.

सीडी का हलत नाही

पेनड्राइव्हच्या आत दोन मुख्य चिप असतात: माल साठवणारी मेमरी आणि कॉम्प्युटरशी बोलणारा कंट्रोलर. मेमरीत काय आहे हे कॉम्प्युटरला थेट दिसत नाही, कंट्रोलर सांगेल तेच दिसतं. एकाच यूएसबी जोडणीवर अनेक ड्राइव्ह असल्याचं सांगायची मुभा त्याला आहे. तो मेमरीचा एक तुकडा वेगळा काढतो आणि सांगतो, "ही सीडी आहे." सीडीवर लिहिता येत नाही, त्यामुळं विंडोज लिहायचा प्रयत्नही करत नाही. फॉर्मॅट दुसऱ्या तुकड्यावर चालतो, तो या तुकड्याच्या हद्दीत शिरूच शकत नाही. शेजाऱ्याच्या वावरात नांगर घातल्यानं आपल्या बांधावरची बाभूळ निघत नाही, तसंच हे.

सीडीचंच सोंग का? एक्सपीच्या काळात सीडी घातली की तिच्यातला प्रोग्राम आपोआप सुरू व्हायचा, पेनड्राइव्हमधला तसा व्हायचा नाही. २००५ मध्ये सँडिस्क आणि एम-सिस्टिम्स यांच्या यू३ पेनड्राइव्हनी हीच वाट वापरली, आणि जाहिरातवाल्यांनीही ती उचलली. पुढं कॉन्फिकरसारखे व्हायरस पेनड्राइव्हवरून पसरले. विंडोज ७ मध्ये पेनड्राइव्हचा ऑटोरन बंद झाला, फेब्रुवारी २०११ मध्ये जुन्या विंडोजसाठीही तसं अपडेट आलं. पण सीडीला त्यातून वगळलेलं होतं. म्हणून सोंग चालूच राहिलं.

घरी कॉम्प्युटरवर याचा फार त्रास नाही. त्रास ट्रॅक्टरवर होतो. ऊसतोडीच्या हंगामात रात्रभर ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या डेकला पेनड्राइव्ह लावला की पडद्यावर "रीड" येतं, दोनदा लुकलुकतं आणि "नो फाइल" म्हणून थांबतं. गाणी त्यात असतात. पण साध्या डेकला ५१२ बाइटचे सेक्टर (माल ठेवायचे छोटे कप्पे) असलेला एकच ड्राइव्ह कळतो. २०४८ बाइटच्या सेक्टरची सीडी पुढ्यात आली की तो गोंधळतो. जुने टीव्ही, डीजेचे मिक्सर, झेरॉक्सच्या दुकानातलं थेट पेनड्राइव्हवरून छापणारं मशीन यांचंही असंच.

आधी सोपा उपाय: सीडी लपवा

एकाच कॉम्प्युटरवर वापर असेल तर सीडी उपटायची गरजच नाही. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सीडी-रॉमच्या पट्टीवर राइट-क्लिक करा, चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स निवडा, रिमूव्ह दाबा. अक्षर गेलं की ती दिसत नाही, आणि विंडोज ते सहसा लक्षात ठेवतं. यानं आणखी एक अडचण सुटते: ऑफिसात नेटवर्कचा ड्राइव्ह एफ अक्षरावर जोडलेला असतो, पेनड्राइव्हची सीडी नेमकी तेच अक्षर बळकावते आणि बिलिंगचं सॉफ्टवेअर "पाथ सापडत नाही" म्हणून अडतं. सेटिंग्जमध्ये ऑटोप्ले बंद करून टाका, म्हणजे सारखी उघडणारी खिडकीही थांबेल. मात्र पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावला की सीडी तिथं पुन्हा उभी. आणि ट्रॅक्टरच्या डेकला या उपायाचा काहीच उपयोग नाही.

यू३ असेल तर

जुन्या सँडिस्क क्रूझरवर यू३ चा शिक्का असतो आणि सीडीचं नाव यू३ सिस्टिम असतं. हा प्रकार २००९ च्या आसपास बंद पडला, पण शाळांच्या कपाटांत आणि ऑफिसांच्या खणांत ते पेनड्राइव्ह अजून आहेत. लाँचपॅड हा यू३ चा मेनू सुरू होत असेल तर त्याच्याच सेटिंगमध्ये अनइन्स्टॉल आहे. नव्या विंडोजवर ते बरेचदा चालत नाही. अशा वेळी लिनक्स (विंडोजऐवजी चालवायची दुसरी प्रणाली) हाच भरवशाचा रस्ता.

लिनक्सच्या उबंटू या प्रकारात यू३-टूल नावाचं छोटं पॅकेज मिळतं. टर्मिनलमध्ये एलएसबीएलके चालवून पेनड्राइव्हचा पत्ता बघा: समजा एसडीबी. मागं आकडा असलेला एसडीबी१ नाही, नुसता एसडीबी. सीडीचा पत्ता एसआर० असा वेगळा दिसेल, तो वापरायचा नाही. पेनड्राइव्ह अनमाउंट करा (पोर्टमधून न काढता प्रणालीपासून सोडवा). मग सुडो, यू३-टूल, डॅश आणि लहान आय, आणि पत्ता, असं इंग्रजीत टाइप केलं की ड्राइव्हची माहिती येते. ती आली म्हणजे हा खरोखर यू३ आहे. त्यानंतर आयच्या जागी लहान पी, एक स्पेस, ० हा आकडा आणि पुढं पत्ता. शून्य म्हणजे सीडीसाठी शून्य बाइट. तो एकदा विचारेल, वाय दाबा. पेनड्राइव्हवरचा सगळा डेटा यात जातो, म्हणून नक्कल आधीच घ्या. काढून पुन्हा लावा, सीडी गेलेली असेल, मग फॉर्मॅट करा. ज्या विंडोजवर यू३ वापरलं जायचं तिथं अॅपडेटामध्ये यू३ नावाचं फोल्डर मागं राहतं, तेही काढून टाका.

बाकीच्या चिप: कारखान्याचं हत्यार

जाहिरातीचे पेनड्राइव्ह बहुधा फायसन, अल्कोर, सिलिकॉन मोशन, चिप्सबँक अशा कंपन्यांच्या कंट्रोलरवर बनतात. त्यांना सीडीचं सोंग शिकवणारं कारखान्याचं सॉफ्टवेअर असतं, त्याला एमपी टूल म्हणतात. तेच वापरून सोंग उतरवता येतं. यात पेनड्राइव्ह कायमचा मरण्याची शक्यता खरीच आहे. ४ जीबीच्या फुकटच्या पेनड्राइव्हसाठी हा खटाटोप करू नये. ३२ किंवा ६४ चा असेल, आत काही मोलाचं नसेल आणि वॉरंटीवर पाणी सोडायची तयारी असेल तरच पुढं वाचा.

पहिली पायरी चिप ओळखणं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये युनिव्हर्सल सीरियल बस कंट्रोलर्सखाली यूएसबी मास स्टोरेज डिव्हाइस शोधा, प्रॉपर्टीज, डिटेल्स, हार्डवेअर आयडीज. तिथं व्हीआयडी आणि पीआयडी असे चार-चार अक्षरांचे दोन आकडे मिळतील. (डिस्क ड्राइव्हज या गटात शोधू नका, तिथं हे आकडे दिसत नाहीत.) ०७८१ म्हणजे सँडिस्क, ०९५१ किंग्स्टन, ८५६४ ट्रान्सेंड, १३एफई फायसन, ०५८एफ अल्कोर, ०९०सी सिलिकॉन मोशन. पहिले तीन ब्रँडचे आकडे आहेत, त्यांवरून आतली चिप कळत नाही. ती कळायला चिपजीनियस किंवा फ्लॅश ड्राइव्ह इन्फर्मेशन एक्स्ट्रॅक्टर चालवा. कंट्रोलरचा पूर्ण नंबर आणि मेमरीचा फ्लॅश आयडी दोन्ही लिहून घ्या. सँडिस्कची चिप निघाली तर इथंच थांबा, तिचं कारखान्याचं सॉफ्टवेअर बाहेर मिळत नाही.

दुसरी पायरी नेमक्या त्या चिपचं आणि त्या मेमरीला ओळखणारं टूल मिळवणं. "फायसनचं टूल" एवढ्यावर भागत नाही. फायसनच्या २२५१ मालिकेतच डॅशपुढचा आकडा बदलला की टूल बदलतं. चुकीची आवृत्ती लावली तर टूल पेनड्राइव्ह ओळखत नाही, हे नशीब. कधी अर्धवट ओळखतं आणि चुकीचं फर्मवेअर (चिपच्या आतलं मूळ सॉफ्टवेअर) लिहून मोकळं होतं. ही टूल अनोळखी साइटवरून उतरवावी लागतात आणि अँटिव्हायरस त्यांवर ओरडतो. ओरड खोटी की खरी हे ठरवत बसू नका. ज्यावर नेट बँकिंग, टॅली किंवा सेवा केंद्राचं लॉगिन आहे असा कॉम्प्युटर वापरूच नका. जुना, नेट तोडलेला लॅपटॉप घ्या.

लॅपटॉपच घ्या, यालाही कारण आहे. फर्मवेअर लिहिताना मध्येच वीज गेली की चिपची मूळ पाटी कोरी होते आणि पेनड्राइव्ह ० बाइटचा, "नो मीडिया" दाखवणारा तुकडा बनतो. आपल्याकडं वीज कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि इन्व्हर्टर विजेवरून बॅटरीवर जातानाच्या झटक्यातही काही डेस्कटॉप रीस्टार्ट होतात. चार्ज असलेल्या लॅपटॉपला ती भीती नाही. पेनड्राइव्ह थेट पोर्टमध्ये लावा. हब किंवा एक्स्टेन्शनची वायर नको. यूएसबी २ चा पोर्ट असेल तर तो घ्या, जुनी टूल यूएसबी ३ वर रुसतात. बाकी सगळे पेनड्राइव्ह, प्रिंटर, माउसचा डोंगलसुद्धा काढून ठेवा.

तिसरी पायरी सेटिंग. अल्कोरच्या टूलमध्ये सेटअप उघडून मोडमध्ये ऑटोरनच्या जागी प्युअर डिस्क निवडा. फायसनच्या एमपीऑल या टूलमध्ये सीडी आणि डिस्क मिळून असलेला मोड २१, साधा पेनड्राइव्ह म्हणजे मोड ३. क्षमता, वेग, स्कॅनची पातळी या रकान्यांना हात लावू नका. क्षमतेचाच रकाना बदलून ८ जीबीचा माल ५१२ जीबीचा म्हणून आठवडी बाजारात विकला जातो. स्टार्ट दाबा आणि हिरवा रंग येईपर्यंत पेनड्राइव्हला स्पर्श करू नका. नुसता फॉर्मॅट असेल तर एक-दोन मिनिटं, मेमरीचं पूर्ण स्कॅन असेल तर तासभरही लागतो. लाल रंग आणि एखादा एरर कोड आला तर कोड लिहून घ्या आणि आवृत्ती बदलून बघा. चिपचे पाय सुईनं जोडून टेस्ट मोडमध्ये न्यायची युक्ती सांगितली जाते. सूक्ष्मदर्शक आणि सरावाचा हात नसेल तर तिच्या वाटेला जाऊ नका.

काम झाल्यावर एक गोष्ट हमखास विसरली जाते. काही टूल स्वतःचा यूएसबी ड्रायव्हर बसवतात. तो तसाच राहिला तर दुसरे पेनड्राइव्ह त्या लॅपटॉपवर दिसेनासे होतात आणि पोर्टच गेला असं वाटतं. टूलच्या फोल्डरमधला लोडड्रायव्हर चालवून अनइन्स्टॉल दाबा, मग रीस्टार्ट करा.

सीडी गेल्यावर स्वच्छ फॉर्मॅट

सीडी निघाली, किंवा सीडी नव्हतीच पण पेनड्राइव्हचे दोन-तीन तुकडे पडलेत (विंडोज किंवा लिनक्सचा बूटेबल पेनड्राइव्ह बनवला की असं होतं), तर विंडोजमधलंच डिस्कपार्ट हे खरं औषध. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करा, राइट-क्लिक, रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटर. पुढचे शब्द इंग्रजीत टाइप करून दरवेळी एंटर दाबायचं आहे.

१. डिस्कपार्ट.
२. पेनड्राइव्ह न लावता लिस्ट डिस्क. मग लावून पुन्हा लिस्ट डिस्क. जी ओळ नव्यानं आली तोच आपला. आकारही जुळवा.
३. सिलेक्ट डिस्क आणि तो आकडा. लगेच डिटेल डिस्क. नावात पेनड्राइव्ह आणि टाइपमध्ये यूएसबी दिसलं पाहिजे. नाही दिसलं तर तिथंच थांबा.
४. क्लीन. सेकंदात होतं. क्लीन ऑल टाइप करू नका, ते प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहितं आणि तासन्‌तास चालतं.
५. कन्व्हर्ट एमबीआर.
६. क्रिएट पार्टिशन प्रायमरी.
७. फॉर्मॅट, एफएस बरोबर फॅट३२, क्विक, युनिट बरोबर ३२के. नंतर असाइन.

क्लीनला "अॅक्सेस इज डिनाइड" आलं तर पेनड्राइव्हची उघडी खिडकी बंद करून तीच आज्ञा पुन्हा द्या, बहुधा दुसऱ्यांदा होते. फॅट३२ मध्ये ४ जीबीहून मोठी फाइल बसत नाही, आणि विंडोजच्या बऱ्याच आवृत्त्या ३२ जीबीपुढं फॅट३२ करूच देत नाहीत. ६४ चा पेनड्राइव्ह ट्रॅक्टरला लावायचा असेल तर रूफस या प्रोग्राममध्ये नॉन-बूटेबल निवडून लार्ज फॅट३२ करा. फक्त कॉम्प्युटर आणि मोबाइलवर वापरायचा असेल तर एक्सफॅट सरस.

"मीडिया इज राइट प्रोटेक्टेड" असं आलं तर आधी पेनड्राइव्हच्या कडेला सरकवायचं बारीक बटण आहे का बघा. नसेल तर डिस्कपार्टमध्येच ॲट्रिब्यूट्स डिस्क क्लिअर रीडओन्ली द्या. दुसऱ्या कॉम्प्युटरवर लावून पाहा. तिथं लिहिता आलं तर दोष पहिल्या कॉम्प्युटरच्या सेटिंगचा. सगळीकडं तेच उत्तर येत असेल आणि हा पेनड्राइव्ह आधी व्यवस्थित लिहून घेत होता, तर मेमरी संपत आली आहे. राखीव ब्लॉक संपले की कंट्रोलर लिहिणं कायमचं बंद करतो, म्हणजे निदान असलेला माल वाचता यावा. यावर सॉफ्टवेअरचा इलाज नाही. आतलं सगळं आजच कॉपी करून घ्या आणि त्याचा नाद सोडा.

शेवटी तपासणी. एच२टेस्टडब्ल्यू हा तपासणीचा प्रोग्राम चालवा, पूर्ण जागा निवडा, राइट प्लस व्हेरिफाय. तो १-१ जीबीच्या फायली लिहून परत वाचतो. सेकंदाला १० एमबी वेगानं १६ जीबीचं लिहिणंच सत्तावीस मिनिटं घेतं, घाई करू नका. फिनिश्ड विदाउट एरर्स आलं तरच पेनड्राइव्ह कामाचा; डेटा लॉस्ट आलं तर क्षमता खोटी आहे किंवा मेमरी फुटकी, त्यावर काही ठेवू नका. तपासणीच्या फायली डिलीट करा, गाण्यांची फोल्डरं टाका, फायलींची नावं छोटी आणि इंग्रजी अक्षरांत ठेवा, इजेक्ट करून मगच काढा. डेकला लावला की "रीड" एकदाच येईल आणि मागोमाग पहिल्या गाण्याचा आकडा दिसेल.